आमचीं सागवानी जहाजें

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें एक बंदर आहे. तेथें 'ट्रिंकोमाली' हें शिडाचें लढाऊ जहाज मोठ्या जतनानें ठेविलेलें आहे. अद्यापि पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत तें सर्वांत जुनें होय. नेल्सनचें 'व्हिक्टरी' त्याहून जुनें खरें, पण तें कोरड्या गोदींत उभें आहे. प्रेक्षक पैसे देऊन 'ट्रिंकोमाली'वर चढतात, तिच्या तोफा पाहतात, खलाशांच्या झोळ्या पाहतात आणि ब्रिटनच्या दर्यावर्दी पराक्रमाच्या कथा ऐकून परत जातात. परंतु हें जहाज इंग्लंडांत बांधलेलें नाहीं. तें ता. १२ आक्टोबर १८१७ रोजीं मुंबईच्या गोदींतून समुद्रांत उतरलें. त्याचा साग मलबारच्या रानांतला. तें बांधलें जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी गृहस्थानें आणि त्याच्या हाताखालच्या सुतारांनीं. १८१६ सालीं त्याच्या बुडाचें मूळ लांकूड मांडलें गेलें, तेव्हां पारशी रिवाजाप्रमाणें त्यांत चांदीचा खिळा ठोकण्यांत आला होता.

आम्ही आयुष्याचीं बरींच वर्षें कॉलेजांत इतिहास शिकविला. ट्रफाल्गारची लढाई कोणत्या सालीं झाली हें आमचा विद्यार्थी झोपेंतहि सांगेल. पण मुंबईच्या गोदींत सुतारकाम कोण करीत होते, हा प्रश्न आम्हीं कधीं कोणास घातला नाहीं. खरें सांगावयाचें तर तो प्रश्न आम्हांला स्वतःलाच फार उशिरां पडला. ही उणीव केवळ एका अध्यापकाची असती तर तिची जाहीर कबुली देण्याचें कारण नव्हतें. ती आमच्या साऱ्या सुशिक्षित वर्गाची आहे असें वाटतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

जहाजें बांधण्याची विद्या आम्हांला परकीयांनीं शिकविली, अशी एक समजूत पुष्कळ दिवस प्रचलित होती. १९१२ सालीं राधाकुमुद मुकर्जी यांनीं हिंदी नौकानयनाचा इतिहास लिहून तिला पहिला जोराचा धक्का दिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या प्रवासवृत्तांत आमच्या सोपारा व कल्याण या बंदरांचीं नांवें आलीं आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें एक जहाज रंगविलेलें आहे. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर गांवीं जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौकांचें युद्ध कोरलेलें आहे. ते शिलाहार-यादवांच्या काळांतले समजले जातात. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथांत तर नौकेच्या लांकडाचे चार वर्ण सांगून कोणतें लांकूड कोणत्या लांकडाशीं जोडावें येथपर्यंत विचार केलेला आहे.

याच ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या तळच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील चुंबकाचे खडक त्या ओढून घेतील. चुंबकाच्या खडकाची गोष्ट आज हास्यास्पद वाटते. पण तिच्यामागची वहिवाट हास्यास्पद नव्हती. पश्चिम समुद्रावरील जुनीं जहाजें खिळ्यांनीं जोडलेलीं नसून काथ्याच्या दोरीनें शिवलेलीं असत. फळ्यांच्या कडांना छिद्रें पाडावयाचीं, मध्यें नारळाच्या सोडणाचा काथ्या दाबून बसवावयाचा, दोरीनें टांके घालावयाचे आणि छिद्रें राळेनें बुजवावयाचीं, अशी ती रीत. मार्को पोलोनें होर्मूझ येथें असलीं जहाजें पाहून नाक मुरडलें. परंतु शिवलेल्या जहाजाचा एक गुण असा कीं, लाटेचा तडाखा बसला असतां तें थोडें वांकतें व पुन्हा पूर्ववत् होतें. वाळूच्या किनाऱ्यावर आपटलें तरी सहसा फुटत नाहीं. शिवाय दोरी कुजली तर जुने टांके काढून नवे घालतां येतात.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या विद्येस राजाश्रय मिळाला तो शिवछत्रपतींच्या काळीं. कल्याण-भिवंडी हातीं येतांच महाराजांनीं तेथील खाडींत जहाजें बांधण्यास आरंभ केला. इ. स. १६५९ च्या सुमारास या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज व त्याचा मुलगा यांना नेमिलें होतें. पुढें हीं जहाजें आपल्याच उरावर बसतील अशी भीति पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटली, आणि त्यांच्या सांगण्यावरून हे बापलेक आपल्या माणसांसह रातोरात पळून गेले. एखाद्याचा धीर तेथेंच खचला असता. परंतु पुढें सहा वर्षांच्या आंतच, म्हणजे १६६५ सालीं, महाराज बसरूरच्या स्वारीस निघाले तेव्हां इंग्रज वखारवाल्यांनीं त्यांच्याजवळ पंचाऐंशी लहान व तीन मोठीं गलबतें मोजलीं. कोणत्या सुतारानें कोणतें गलबत उभें केलें हें कागदांत नाहीं. मायनाक भंडारी, दौलतखान हीं सरदारांचीं नांवें आम्हांस ठाऊक आहेत. ज्यांच्या वांकसानें फळ्या तासल्या त्यांचें एकहि नांव ठाऊक नाहीं.

हीं मराठी जहाजें होतीं तरी कशीं? अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार ऑर्म यानें त्यांचें वर्णन करून ठेविलें आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें तारूं. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारें तीनशें टनांची असे. लांबीच्या मानानें ती रुंद, पण मध्यापासून पुढें निमुळती होत जाई. तिची नाळ पाण्यावर लांब पुढें आलेली असे, आणि तींतून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा रोखलेल्या असत. गलबत त्याहून लहान व हलकें; त्यास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे इंग्रजांचीं उंच जहाजें जागच्या जागीं खिळून राहत आणि त्याच वेळीं हीं गलबतें गुराबांना दोरानें ओढीत त्यांच्या पिछाडीस येऊन भिडत. कोंकणच्या उथळ खाड्या, किनाऱ्याजवळचे खडक आणि पडणारा वारा यांचा पुरता विचार त्या बांधणींत होता. ती युरोपांतील जहाजांची कच्ची नक्कल नव्हती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत जहाजें फार थोर नसावीं, फार लहानहि नसावीं, असें सांगून लांकडाविषयीं जें लिहिलें आहे तें आजच्या वाचकानेंहि मन लावून वाचण्यासारखें आहे. सागादि वृक्ष सरकारी रानांतून परवानगीनें तोडावेत. याहून अधिक लागलें तर परमुलुखांतून विकत आणावें. परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावूं नये, कारण तीं झाडें लोकांनीं पोटच्या लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, मगच तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये. ज्या राज्याला जहाजांची इतकी निकड होती त्या राज्यानें आपल्या कुऱ्हाडीला हा लगाम घालून घेतला होता, ही गोष्ट आम्हांस त्याच्या कोणत्याहि विजयाइतकीच मोठी वाटते.

या आरमाराचा शेवट मात्र आम्हीं आपल्याच हातांनीं करून घेतला. कान्होजी आंग्रे १७२९ त वारले. पुढें तुळाजी आंग्रे व पेशवे यांचें वितुष्ट आलें. तुळाजी उद्धट होता, तो पेशव्यांची सत्ता जुमानीत नसे, हें सारें खरें. परंतु त्याला शासन करण्यासाठीं पेशव्यांनीं इंग्रजांचें साह्य घेतलें, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाईव्ह यांनीं विजयदुर्गावर तोफा डागल्या. एका जहाजावर गोळा पडून आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली, आणि थोड्याच वेळांत सारें आरमार पाण्यावर जळून गेलें. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी अजून पाहावयास मिळते. भरतीचें पाणी तींत आजहि शिरतें. जहाज मात्र एकहि नसतें.

आतां काळाचा योगायोग पाहावा. विजयदुर्गाची गोदी उजाड होत होती, त्याच वेळीं तेथून फारशा दूर नसलेल्या मुंबईंत दुसरी गोदी भरभराटत होती. सुरतेच्या गोदींत लवजी नसरवानजी वाडिया नांवाचा एक पारशी मुकादम होता. त्याचें काम पाहून कंपनीनें त्याला १७३६ सालीं थोड्या सुतारांसह मुंबईस आणिलें. १७५० सालीं तेथें कोरडी गोदी तयार झाली. आशिया खंडांतील अशा तऱ्हेची ती पहिली म्हणतात. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचें मोठें अंतर आहे. भरतीबरोबर जहाज आंत घ्यावयाचें, ओहोटीबरोबर पाणी सोडून दरवाजा लावावयाचा, आणि कोरड्या जमिनीवर उभें राहून त्याच्या तळाची दुरुस्ती करावयाची, ही सोय तेथें निसर्गानेंच दिली होती.

लवजीचा एक नियम आमच्या फार मनांत भरला. फ्रामजी माणेकजी व जमशेटजी बमनजी हे त्याचे दोघे नातू. एवढ्या मोठ्या मुकादमाचे नातू असूनहि त्यांना त्यानें दरमहा बारा रुपयांवर साध्या सुतारांत कामाला लाविलें. करवत, वांकस, पटाशी व सामता हातीं धरल्यावांचून कोणी जहाजाचा नकाशा काढूं नये, असा त्या घराचा शिरस्ता होता. १७७४ त लवजी वारला, तेव्हां त्याच्यामागें एक घर व वीस हजार रुपयांहून कमी रोकड एवढेंच निघालें. ज्याच्या हाताखालून लक्षावधि रुपयांचीं जहाजें गेलीं त्याची ही शिल्लक होती.

या जहाजांची कीर्ति होण्याचें पहिलें कारण साग. इंग्लंडांतील जहाजें ओक वृक्षाच्या लांकडाचीं असत. ओकांत एक प्रकारचें आम्ल असतें. तें लोखंडी खिळ्यांना खातें, आणि गंजलेला खिळा मग लांकडाला खातो. सागांत नैसर्गिक तेल असल्यामुळें खिळा सुरक्षित राहतो, लांकूड सहसा कुजत नाहीं व कीडहि त्याला लवकर लागत नाहीं. दुसरें कारण सुतारांची सांधेजोड. सुरत-मुंबईकडचे कारागीर दोन फळ्या नुसत्या शेजारीं ठेवून फटींत बोळे कोंबीत नसत. एका फळीच्या कडेस खांच व दुसरीच्या कडेस तिच्याशीं जुळणारी जीभ काढून, मध्यें कापूस व राळ घालून त्या एकमेकींत अशा बसवीत कीं दोन फळ्यांचें एकच अंग होई. हें काम वेळ खाणारें असे, पण असें जहाज पिढ्यान् पिढ्या टिके.

जमशेटजीनें बांधिलेलें चौऱ्याहत्तर तोफांचें 'मिंडेन' १८१० त पाण्यांत उतरलें. ब्रिटनच्या बाहेर बांधिलेलें ब्रिटिश आरमाराचें हें पहिलें मोठें रणांगणी जहाज. त्यामागून १८१३ त 'कॉर्नवॉलिस', १८१५ त 'वेलस्ली', १८१७ त 'ट्रिंकोमाली' आणि १८२१ त 'गँजिस' हीं आलीं. जमशेटजीमागें त्याचा मुलगा नवरोजी यानें बांधिलेलें 'एशिया' हें १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापति कॉड्रिंग्टन याचें स्वतःचें जहाज होतें. 'वेलस्ली'ची कथा तर नवलाची आहे. सव्वाशें वर्षें पाण्यांत काढून तें थेम्स नदींत शिक्षणनौका म्हणून उभें असतां १९४० सालीं जर्मन विमानांच्या बाँबनें बुडालें. मुंबईच्या सुतारांनीं तोफेच्या गोळ्यासाठीं बांधिलेलें जहाज विमानांच्या युगापर्यंत टिकलें.

येथें अभिमानाच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. हीं जहाजें आमच्या कारागिरांनीं बांधिलीं, पण तीं आमचीं नव्हतीं. चीनवर अफूचें युद्ध लादून ता. २९ आगष्ट १८४२ रोजीं नानकिंगचा अपमानकारक तह ज्या जहाजावर लिहून घेण्यांत आला, तें मुंबईचेंच 'कॉर्नवॉलिस' होय. कारागिराच्या कौशल्याची स्तुति करीत असतां तें कौशल्य कोणाच्या कामीं आलें, हा प्रश्न टाळणें इतिहासकाराला शोभत नाहीं. दोष सुताराचा नव्हे. त्यानें आपलें काम चोख केलें. परंतु विजयदुर्गची गोदी ज्यांनीं उजाड होऊं दिली, त्यांच्या वंशजांनीं मुंबईच्या गोदीचा निव्वळ गर्व वाहावा, हें बरें नव्हे.

ही विद्या मग मावळली कशी? कोणी म्हणेल, वाफ आली, लोखंड आलें, लांकूड मागें पडलें. यांत शोक कसला? या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु तें सारें सत्य नव्हे. लोखंडी जहाजें समुद्रावर रूढ होण्यापूर्वींच हिंदी जहाजांची वाट अडविण्यास प्रारंभ झाला होता. १८२३ च्या एका इंग्रजी कायद्यानें हिंदी खलाशी, मग तो राजाच्या अमलाखालीं जन्मलेला कां असेना, ब्रिटिश खलाशी समजला जाऊं नये असें ठरलें. आणि जहाजावर ब्रिटिश खलाशी अमुक प्रमाणांत पाहिजेत हा नियम तर होताच. म्हणजे जहाज हिंदी, खलाशी हिंदी, आणि लंडनच्या व्यापाराला तें अपात्र! दुसरीकडे सागाचीं रानें उघडीं पडत चाललीं होतीं. मलबारांतील साग राखून आरमारास पुरविण्यासाठीं कंपनीनें १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन यास रानांचा अधिकारी नेमिलें. त्याच्या मक्तेदारीनें लोक इतके गांजले कीं १८२३ त ती जागाच काढून टाकावी लागली. पुढें दोन दशकांनीं कॉनोली या कलेक्टरास निलांबूर येथें साग नव्यानें लावावा लागला. रयतेच्या झाडाला तिला राजी केल्यावांचून हात लावूं नये, हा अमात्यांचा जुना दंडक या ठिकाणीं कोणाला आठवणार नाहीं?

वाडियांच्या घराण्यानें नव्या काळाकडे पाठ फिरविली असेंहि नाहीं. अर्देशिर खरशेटजी वाडिया यानें वाफेच्या यंत्रांचा अभ्यास केला, १८३४ त मुंबईंतील आपल्या घरीं वायूचे दिवे लाविले, आणि १८४१ त लंडनच्या रॉयल सोसायटीचा तो पहिला हिंदी सभासद झाला. बुद्धीची वाण कोठेंच नव्हती. परंतु लोखंड आणि यंत्रें विलायतेहून येऊं लागलीं, मुंबईची गोदी दुरुस्तीपुरती उरली, आणि जहाजें बांधणारा सुतार पुन्हा कोंकणच्या खाडीकांठीं मचवे व पडाव बांधावयास परतला.

तेथें तो काल-परवांपर्यंत होता. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही कोंकणांतील एका खाडीवर अशा एका वृद्ध सुताराकडे गेलों होतों. पावसाळा तोंडावर आला होता आणि एक मचवा अर्धा उभा होता. "नकाशा कोठें आहे?" असें आम्हीं विचारलें. त्यानें एक गांठी मारलेली सुतळी दाखविली आणि मग स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलें. वांक्या फळीसाठीं तो सरळ लांकूड तापवून वांकवीतहि असे; पण आंतल्या बांकासाठीं मात्र रानांत हिंडून निसर्गतःच तसें वांकलेलें खोड शोधी, कारण "धागा तुटला कीं जोर गेला." मुलगा काय करतो, असें विचारतां तो म्हणाला, "मास्तर, तो फायबरच्या होड्या करायला गेला. तिथं सांचा असतो. सांच्याला डोळा लागत नाय." या बोलण्यांत तक्रार नव्हती. मुलाला दरमहा पगार मिळतो याचें त्याला समाधानच होतें. आम्हींहि त्याला उपदेश केला नाहीं. पंख्याखालीं बसून पुस्तकें वाचणाऱ्यानें त्याच्या मुलाला पुन्हा वांकस हातीं घे म्हणून सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? परंतु परत येतांना एक गोष्ट मनाला लागून राहिली. तो बोलत असतां नौकेच्या अंगाअंगाचीं जीं नांवें घेत होता, त्यांतील निम्मीं आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलींहि नव्हतीं, आणि आमच्याजवळच्या कोशांत पाहूं जातां त्यांतलीं कित्येक सांपडलीं नाहींत.

मध्यंतरीं एक समाधानाची गोष्ट घडली. अजिंठ्याच्या त्या चित्रावरून पांचव्या शतकांतल्यासारखें एक शिवलेलें जहाज गोव्यांत प्रत्यक्ष बांधण्यांत आलें. केरळांतील बाबू शंकरन यांच्या हाताखालीं तिकडच्या सुतारांनीं काथ्यानें व राळेनें त्याच्या फळ्या जोडल्या. जुना नकाशा उपलब्ध नव्हता. तेव्हां एका रंगविलेल्या चित्रावरून विद्वानांनीं तर्क केला, नौदलानें त्याची परीक्षा केली, आणि सुतारांनीं तो लांकडांत उतरविला. मे १९२५ नव्हे, मे २०२५ मध्यें, म्हणजे रंगकाम झाल्यावर जवळजवळ दीड हजार वर्षांनीं, 'कौंडिण्य' या नांवानें तें नौदलांत दाखल झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदराहून शिडाच्या बळावर मस्कतकडे निघून नव्या वर्षाच्या जानेवारींत तेथें पोहोंचलें. या उपक्रमांत आम्हांला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट जहाजाचा वेग नव्हे, कीं त्याचें पुरातनत्वहि नव्हे. पंडित, आरमारी अधिकारी आणि सुतार हे एका लांकडाभोंवतीं उभे राहिले, आणि अडचण आली तेव्हां तिघांनींहि एकमेकांना विचारलें. आमच्याकडे हें क्वचित् घडतें.

लांकडी जहाजांचा काळ परत यावा, अशी आमची मागणी नाहीं. तो येणार नाहीं, आणि रानांची आजची स्थिति पाहतां येऊंहि नये. परंतु जी विद्या हातांत राहते आणि कागदावर उतरत नाहीं, ती शेवटच्या हाताबरोबर जाते. ती उतरवून घेण्याचें काम सुताराचें नव्हे. ज्यांना लिहितां येतें त्यांचें आहे. कोंकणांतल्या प्रत्येक कॉलेजानें आपापल्या खाडीवरचे उरलेले सुतार गांठावे, त्यांचे शब्द, मापें, लांकूड निवडण्याच्या खुणा लिहून घ्याव्यात, आणि ज्याच्याकडून हें मिळालें त्याचें नांव त्याच पानावर मोठ्या अक्षरांत घालावें. हें कार्य कोणत्याहि संशोधनाइतकेंच योग्यतेचें आहे. त्याला फार द्रव्यहि लागत नाहीं. एक वही, एक विद्यार्थी आणि चार दिवस खाडीकांठीं बसण्याची तयारी असली म्हणजे पुरे.

आम्ही ज्या खाडीवर गेलों होतों, तेथें पुढच्या सुटींत पुन्हा जाण्याचा बेत आहे. या खेपेस वही बरोबर नेऊं. तो वृद्ध सुतार अद्यापि कामावर भेटावा, एवढीच इच्छा.